विंचवाच्या पाठीवरचं वीजघर

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण वापरतो तेव्हा तिच्यात थोडी थट्टा असते आणि थोडी कीवही. परदेशात राहणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांना ती घरच्यांकडून कधी ना कधी ऐकावी लागतेच. कतारमध्ये मात्र दर हिवाळ्यात चांगली सुखवस्तू माणसं आपण होऊन बिऱ्हाड पाठीवर घेतात. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा इथला कॅम्पिंगचा हंगाम. सरकारी परवाना काढायचा, ठरवून दिलेल्या भागात जागा घ्यायची आणि तंबू, कॅरॅव्हॅन, पाण्याच्या टाक्या, गालिचे असं सगळं घेऊन वाळवंटात मुक्काम टाकायचा. दोह्याच्या दक्षिणेला मेसईद सोडलं की सीलाइनच्या टेकड्या लागतात. हंगामात रात्री तिथून गेलात तर काळ्या वाळूवर दूरवर दिव्यांच्या माळा दिसतात. विजेचे खांब मात्र दिसत नाहीत.

मग ही वीज येते कुठून? पुष्कळदा तंबूमागे उभ्या केलेल्या जनरेटरमधून. पण मोठ्या कॅरॅव्हॅनच्या किंवा मोटारघराच्या अंगावर, बहुधा मागच्या चाकांच्या आसपास, एक लहानसं झडप असतं. त्याला जाळी असते, खालून एक नळी बाहेर आलेली असते. ते झडप उघडलं की आत एक बंदिस्त खोका दिसतो. हा गाडीत कायमचा बसवलेला जनरेटर. आत बसलेल्या माणसानं बटण दाबलं की तो सुरू होतो आणि एसी, फ्रिज, चहाची किटली चालू लागते.

या झडपामागचा इतिहास तुम्हाला सांगायचा आहे. तो निम्मा वाळवंटाचा आहे, थोडा अमेरिकेतल्या शेतघरांचा आणि बराचसा आपल्या पुण्या-सांगलीचाही आहे.

आधी वाळवंटाकडे पाहू. १९५९ साली क्लाउस फर्डिनांड हे डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ आणि येटे बँग या छायाचित्रकार कतारमधल्या बदूंबरोबर राहायला आल्या-गेल्या. उत्तरेकडच्या नईम आणि दक्षिणेकडच्या मुर्रा या टोळ्यांचं रोजचं जगणं त्यांनी टिपून ठेवलं. त्या नोंदींचं पुस्तक पुढे बऱ्याच वर्षांनी, १९९३ साली निघालं. त्यात दिसणारा तंबू बकरीच्या केसांचा आणि लोकरीचा, घरच्या बायकांनी विणलेला. उन्हाळा विहिरींच्या आसपास काढायचा आणि पाऊस पडला की जिथं हिरवळ उगवेल तिकडे कळप घेऊन निघायचं, हा वर्षाचा क्रम. हिवाळ्यातला मुक्काम हौसेचा नव्हता, तो पोटाचा प्रश्न होता. उजेड चुलीचा आणि कंदिलाचा.

ही नोंद झाली तेव्हा हे जगणं संपत आलेलं होतं. दुखानला तेल सापडून दोन दशकं होत आली होती. मध्ये महायुद्धामुळे काम थांबलं आणि पहिलं तेल जहाजात भरलं गेलं ते ३१ डिसेंबर १९४९ ला, उम्म सईद बंदरातून. उम्म सईद म्हणजेच आजचं मेसईद. हे लक्षात ठेवा, कारण आज जिथं कॅरॅव्हॅनच्या रांगा लागतात ती वाळू या बंदराला लागूनच आहे. तेलाच्या पैशातून नोकऱ्या आल्या, पक्की घरं आली, शाळा आल्या, आणि बदू एका पिढीत शहरवासी झाले. त्यांची नातवंडं आता हिवाळ्यात वाळवंटात येतात, ती आठवणीपोटी. पण आजोबांच्या तंबूत नसलेली एक गोष्ट नातवाला लागतेच, ती म्हणजे वीज.

इथं आपण एक गोष्ट सहसा विसरतो. गावोगाव पसरलेलं तारांचं जाळं ही विजेची दुसरी पायरी. पहिली पायरी नेहमी एकट्या-दुकट्या यंत्राची असते. कुणाकडे तरी एक इंजिन असतं, ते एका गिरणीपुरती, एका बंगल्यापुरती, एका छावणीपुरती वीज बनवतं. मुंबईत टाटांची खोपोलीची वीज १९१५ साली आली, पण त्याआधीही श्रीमंतांच्या घरी आणि गिरण्यांत दिवे लागत होतेच. ते आपापल्या यंत्रांवर. म्हणजे कॅरॅव्हॅनमधला जनरेटर ही अगदी आधुनिक चीज वाटली, तरी विजेच्या इतिहासात ती सुरुवातीच्या पानावरची गोष्ट आहे.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली नीट चालून दाखवलं गेलं. ते अवजड होतं, एका जागी बसणारं होतं. ते आणि त्याची पेट्रोलवर चालणारी भावंडं लहान व्हायला काही दशकं लागली. अमेरिकेत मिनियापोलिस इथं डेव्हिड ओनान यांनी १९२० साली एक छोटा व्यवसाय सुरू केला आणि पुढे तो लहान जनरेटरांसाठी ओळखला जाऊ लागला. गिऱ्हाईक कोण, तर शेतकरी. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. तारा येईपर्यंत ज्याला दिवा हवा त्यानं इंजिन घ्यायचं. महायुद्धात सैन्याला असे जनरेटर मोठ्या प्रमाणावर लागले. त्यानंतर शेतापर्यंत तारा पोचल्या. मग जिथं तारा कधीच पोचणार नव्हत्या तिथं ही यंत्रं गेली: बोटींवर, फिरत्या दवाखान्यांत आणि मोटारघरांत. १९६६ साली आयोवातल्या विनेबागो कंपनीनं मोटारघरं कारखान्याच्या पट्ट्यावर बनवायला घेतली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाच्या सुट्टीत जनरेटर शिरला.

आता आपल्याकडे या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, नंतर लोखंडी नांगर बनवले आणि १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आले. १९४६ साली या घराण्यानं दोन कारखाने उभे केले. पुण्यात खडकीला डिझेल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारी व जनित्रांचा. इंजिन आणि जनित्र एका पोलादी चौकटीवर समोरासमोर जोडले की जनरेटर तयार होतो, तेव्हा एकाच वर्षी जन्मलेली ही दोन भावंडं म्हणजे मिळून एक जनरेटरच होता असं म्हणायला हरकत नाही. पुढे १९६२ साली इंडियाना राज्यातल्या कमिन्स कंपनीबरोबर भागीदारी झाली आणि कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना निघाला. कोथरूड तेव्हा पुण्याच्या वेशीवरचं गाव होतं. १९९७ साली किर्लोस्कर त्यातून बाहेर पडले आणि 'कमिन्स इंडिया' हे नाव आलं.

या गोष्टीला एक गंमतशीर वळण आहे. १९८६ साली याच कमिन्सनं ओनान कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला. अमेरिकन मोटारघराच्या पोटातला जनरेटर आज बहुधा 'कमिन्स ओनान' या नावाचा असतो. म्हणजे कोथरूडला ज्या कंपनीच्या भोंग्यावर आपल्या काका-मामांची घड्याळं लागायची, तिचंच आडनाव सीलाइनच्या वाळूत, एखाद्या कॅरॅव्हॅनच्या झडपामागे तुम्हाला वाचायला मिळू शकतं.

फिरतं वीजघर आपल्या लोकांनी पाहिलं ते मात्र सुट्टीत नव्हे, जत्रेत. तंबूतला सिनेमा आठवतो का? ट्रकवर प्रोजेक्टर, तंबूच्या कनाती, पडदा आणि वीज बनवायचं इंजिन घेऊन हे सिनेमावाले जत्रेमागून जत्रा गाठायचे. त्यांच्या शेवटच्या दिवसांवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. तमाशाचे मोठे फडही तसेच. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात, आणि फडाच्या ताफ्यात कलावंतांच्या गाड्यांबरोबर जनरेटरची गाडीही असते. एके काळी बत्तीच्या उजेडात उभा राहणारा फड आता गावच्या विजेच्या भरवशावर राहत नाही. ऐन वगात वीज गेली तर बिदागीचं काय?

म्हणून तमाशात जनरेटर राहुटीपासून लांब लावतात. आवाज ढोलकीच्या वरचढ व्हायला नको, धूर कनातीत शिरायला नको. लांब केबल टाकायची, यंत्र कडेला उभं करायचं आणि एक माणूस रात्रभर त्याच्याजवळ ठेवायचा. हा माणूस तमाशा ऐकतो, पण पाहत नाही.

बसवलेल्या जनरेटरनं हा प्रश्न उलटा केला. यंत्र लांब नेण्याची सोयच उरली नाही. ते गाडीतच, आणि बरेचदा तुमच्या पलंगाच्या चार हात खाली. मग लांबीचं काम पत्र्यानं, रबरानं आणि नळ्यांनी करायचं. जनरेटर गाडीत बसवणं म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर या एका अडचणीत आहे.

एक तर खोका. गाडीच्या राहत्या भागापासून तो पूर्ण बंद हवा, वायूही आरपार जाणार नाही असा, आणि आग लागली तरी ती काही काळ रोखून धरणाऱ्या पत्र्याचा. तारा आणि नळ्या जिथून आत येतात ती भोकंही बुजवायची. यंत्र चेसिसवर रबरी गुट्टे घालून बसवायचं, म्हणजे हादरे गाडीच्या अंगात उतरत नाहीत.

मग हवा. लहान जनरेटरमध्ये इंधनातल्या उष्णतेपैकी पाव ते एक तृतीयांश हिस्साच विजेत उतरतो. बाकीची उष्णता त्या खोक्यातच तयार होते आणि तिला बाहेर जायला वाट लागते. थंड हवा एकीकडून आत, गरम हवा दुसरीकडून बाहेर, आणि बाहेर गेलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाऊ नये. जनरेटरच्या पाटीवर जो किलोवॅटचा आकडा लिहिलेला असतो तो आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २५ अंश सेल्सिअस हवेतला धरलेला असतो. दोह्यात जुलैच्या दुपारी पारा ४० च्या वर असतो आणि ४५ ही काही नवलाची गोष्ट नाही. हवा तापली की विरळ होते, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, पाटीवरचा आकडा हाती येत नाही. त्यात छतावरचा एसी चालताना दीडेक किलोवॅट घेत असला तरी सुरू होताना क्षणभर त्याच्या दोन-तीन पट मागतो. म्हणून इथला जाणकार फिटर हिशेबापेक्षा एक आकार मोठा जनरेटर सुचवतो. वाळूची बारीक पूड तर सदाचीच. तिकडे धुळीचा फिल्टर जितके दिवस चालेल, तितके दिवस इथं चालत नाही.

पुढचा भाग इंधनाचा, आणि मला यातली युक्ती फार आवडते. मोटारघरात जनरेटर गाडीच्याच टाकीतून इंधन घेतो. पण त्याची नळी टाकीच्या तळापर्यंत नेत नाहीत. ती वरच संपते. टाकी साधारण पाव भागावर आली की जनरेटरला इंधन मिळेनासं होतं आणि तो बंद पडतो. गाडीच्या इंजिनाची नळी मात्र तळापर्यंत असते. रात्रभर एसी लावून झोपलात तरी सकाळी रस्त्याला लागण्यापुरतं इंधन उरतं. कुठलाही सेन्सर नाही, सूचना नाही. एका नळीची लांबी, बस्स. ज्यानं हे पहिल्यांदा केलं त्याला माणसाचा स्वभाव ठाऊक असणार.

आणि मग तारा. बाहेरची वीज आणि जनरेटरची वीज एकाच वेळी एकाच तारेत कधीच येता कामा नये. त्यासाठी चेंजओव्हर स्विच. इथं इतिहास पुन्हा आत येतो, कारण अमेरिकेतून आणलेलं मोटारघर आणि कतारची वीज एकमेकांना ओळखत नाहीत.

अमेरिकेत घरात १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, कतारमध्ये २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. भारतातही ५० च. हा फरक निसर्गानं केलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत वेस्टिंगहाउसनं ६० धरलं, जर्मनीत एईजीनं ५०. ब्रिटननं बऱ्याच गोंधळानंतर, १९२६ च्या कायद्यानं राष्ट्रीय जाळं उभारताना ५० पक्कं केलं. ज्याच्या ताब्यात जो प्रदेश, तिथं त्याची यंत्रं गेली. कतार १९१६ च्या करारापासून ३ सप्टेंबर १९७१ ला स्वतंत्र होईपर्यंत ब्रिटिश संरक्षणाखाली होतं. १९६६ पर्यंत इथल्या बाजारात रुपया चालायचा. त्यामुळे इथं ५० हर्ट्झ आलं आणि आपल्याला ओळखीचा वाटणारा तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लगही. शेजारच्या सौदी अरेबियात तेल शोधणारे अमेरिकन होते. तिथं आज ६० हर्ट्झ आहे.

अबू समराच्या नाक्यावरून तुम्ही सौदीत जाता तेव्हा रस्ता तोच राहतो, वाळू तीच राहते, पण भिंतीतल्या विजेचा ठेका बदलतो. २००९ साली आखाती देशांची वीजजाळी जोडली गेली तेव्हा ही अडचण समोर उभी राहिली. सौदीत अल फदिली इथं त्यासाठी १८०० मेगावॅटचं रूपांतर केंद्र बांधावं लागलं. एका बाजूनं ५० ची वीज येते, तिची आधी एकदिश वीज होते आणि मग दुसऱ्या बाजूला ती ६० ची होऊन निघते. देशांना जे करायला एवढं मोठं केंद्र लागलं, तेच एका मोटारघराच्या मालकाला घरच्या घरी करायचं असतं.

बरेच जण ट्रान्सफॉर्मर लावून मोकळे होतात. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० साठी बनवलेला एसीचा कॉम्प्रेसर ५० वर हळू फिरतो आणि तापतो. जनरेटरचंही तसंच. चार ध्रुवांच्या जनित्राला ६० हर्ट्झसाठी मिनिटाला १८०० फेरे लागतात आणि ५० साठी १५००. अमेरिकन जनरेटरचा वेग कमी करून त्याला इथला करता येत नाही, निदान नुसत्या स्क्रूनं तरी नाही; व्होल्टेज सांभाळणारा भाग बदलावा लागतो आणि ताकदही घटते. म्हणून शहाणे मालक दोनांपैकी एक मार्ग धरतात: गाडी जशीच्या तशी अमेरिकन ठेवून फक्त तिच्याच जनरेटरवर चालवायची, किंवा आतली सगळी वीजजोडणी काढून ५० हर्ट्झचा नवा जनरेटर बसवायचा. पहिल्या मार्गानं गेलात तर वाळवंटात बसून तुम्ही दोनशे चौरस फुटांचा एक अमेरिकन वीजप्रांत चालवत असता.

हे काम होतं दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात, नंबरांच्या रस्त्यांवरच्या पत्र्याच्या गाळ्यांत. हंगाम नोव्हेंबरात, म्हणून तयारी उन्हाळ्यात. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करायला इथं २०२१ पासून कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे बाहेर उभ्या गाडीचं काम भल्या पहाटे किंवा दिवस कलल्यावर चालतं. कामगारांत केरळी, नेपाळी, पाकिस्तानी, बांगलादेशी, सगळे असतात आणि गाळ्याची भाषा हिंदी. माझ्या संशोधनासाठी मी अशा काही गाळ्यांतून बसलो आहे. त्यातल्या एकात पलूसकडचा एक फिटर भेटला, किर्लोस्करवाडीपासून हाकेच्या अंतरावरचा. सायलेन्सरची नळी कुठं न्यायची यावर मालकाशी चाललेली घासाघीस संपल्यावर तो मला म्हणाला, "सर, इंजान कुठंबी बसतंय. धूर कुठं जानार ते आदी बघायचं."

तंत्राच्या इतिहासावरची पुस्तकं वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. जनरेटरबद्दल याहून नेमकं वाक्य मला त्यांत सापडलेलं नाही.

कारण धूर ही केवळ नाकाला त्रास देणारी गोष्ट नाही. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपेतच तो जातो. पेट्रोलच्या जनरेटरमध्ये हे प्रमाण अधिक, डिझेलमध्ये कमी, पण बंद जागेत दोन्ही घातक. म्हणून नियम असा की धुराची नळी गाडीच्या कडेच्या बाहेरपर्यंत न्यायची, खिडकीखाली किंवा दाराखाली कधीच संपवायची नाही, आणि आत पलंगाजवळ मोनॉक्साइडची सूचना देणारं यंत्र लावायचं. तंबूत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नका, असं इथले डॉक्टर दर हिवाळ्यात सांगतात. तो वायूही हाच.

नळी गाडीबाहेर नेली म्हणजे धूर संपला असं मात्र होत नाही. तो गाडीच्या दुसऱ्या बाजूला जातो. त्या बाजूला कोण असतं, हा खरा प्रश्न. वाळवंटातल्या मोठ्या कॅम्पची मांडणी पाहा. पुढे मजलिसचा तंबू, तिथं गालिचे आणि कहवा. शेजारी कुटुंबाची कॅरॅव्हॅन. मागे स्वयंपाकाची जागा, पाण्याची टाकी, जनरेटर. आणि अनेक कॅम्पांत त्याच मागच्या बाजूला आचाऱ्याचा आणि राखणदाराचा छोटा तंबू. घरचे लोक शनिवारी रात्री दोह्याला परततात, राखणदार हंगामभर तिथंच असतो. कॅरॅव्हॅनचं तोंड जिकडे, धूर त्याच्या उलट दिशेला, आणि उलट दिशेला तो.

हे फक्त इथलंच आहे असं समजू नका. मुंबईच्या चित्रीकरणांत व्हॅनिटी व्हॅन आली ती १९९० च्या दशकात. ती आणण्याचं श्रेय अभिनेत्री पूनम धिल्लन यांना दिलं जातं. आतल्या कलाकाराला गारवा आणि शांतता मिळाली हे चांगलंच झालं. पण त्या व्हॅनच्या मागे, जनरेटरच्या जाळीशेजारी डबा खात बसलेला स्पॉटबॉय तुम्ही फिल्मसिटीत कधीही पाहू शकता. आपल्या शहरांत भारनियमन होतं तेव्हा दुकानदारांनी फूटपाथवर लावलेल्या जनरेटरांचा धूर रस्त्यानं चालणाऱ्यानं घेतला. २००६ साली पुण्यातल्या कारखान्यांनी आपले जनरेटर चालवून शहराचं भारनियमन टाळायची तोड काढली, तिचं 'पुणे मॉडेल' म्हणून कौतुक झालं. ते योग्यही होतं, शहराला वीज मिळाली. पण तेव्हाही हिशेब रुपये प्रति युनिट असा मांडला गेला. धुराचा रकाना त्यात नव्हता. विजेच्या सोयीचा इतिहास लिहिताना आपण नेहमी दिवा कुणाच्या घरी लागला ते लिहितो. धूर कुणाच्या दारात गेला ते लिहीत नाही.

आता हे बदलू लागलं आहे, अंशतः. लिथियम बॅटरी आणि छतावरचे सौर पत्रे स्वस्त झाले आहेत. दिवे, पंखा, फोन, फ्रिज यांच्यासाठी अनेक कॅरॅव्हॅनमध्ये जनरेटर सुरूच करावा लागत नाही. कतारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये अल खरसाहला ८०० मेगावॅटचं सौर केंद्र सुरू केलं. पाठोपाठ आलेल्या विश्वचषकासाठी प्रेक्षकांच्या मुक्कामाच्या जागांत एक चक्क कॅरॅव्हॅनचं गावही होतं, आणि बदू धाटणीच्या तंबूंचंही. तिकडे महाराष्ट्र सरकारनंही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा कोकणच्या किनाऱ्यावर हे प्रश्न आज ना उद्या येणारच. एसीचा भार मात्र अजून बॅटरीला रात्रभर पेलवत नाही, निदान परवडेल अशा किमतीत नाही. म्हणून झडपामागचा तो खोका अजून काही वर्षं तरी तिथंच असेल.

तुमच्यापैकी अनेक जण आखातात आहात, काही अमेरिकेत, काही ऑस्ट्रेलियात, आणि सुट्टीत अशी गाडी भाड्यानं घेता हे मला ठाऊक आहे. पुढच्या वेळी घ्याल तेव्हा किलोवॅट, हर्ट्झ आणि इंधनाची पातळी तपासाच. पलंगाजवळचं मोनॉक्साइडचं यंत्र बटण दाबून वाजवून पाहा. मग खाली उतरा, गाडीला एक वळसा घाला आणि धुराची नळी कुठं उघडते ते बघा. वारा कुठून येतो ते बघा. शेजारच्या तंबूत, मागच्या बाजूला कुणी झोपणार असेल तर गाडी फिरवून लावा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बटण दाबण्याआधी करायचं आहे.